डब्यावरचा शिक्का आणि छतावरचं गणित

वायरलेस ब्रॉडबँडच्या रेडिओवर, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या डब्यावर, मंजुरीचा शिक्का दिसला की पुढचं काम नियमात बसलंच, असं धरून चालतात. पण तो शिक्का रेडिओ, ठरावीक प्रकारचा अँटेना आणि ठरावीक पॉवर यांना मिळून दिलेला असतो. अँटेना बदलला की हिशेब पहिल्यापासून मांडायचा.

रेडिओची पॉवर डीबीएममध्ये (१ मिलिवॅटच्या तुलनेत, डेसिबलमध्ये) घ्या, केबल-कनेक्टरचा तोटा वजा करा, अँटेनाचा गेन, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटण्याची त्याची ताकद, डीबीआयमध्ये मिळवा. येईल तो ईआयआरपी, म्हणजे अँटेनाच्या मुख्य दिशेने जाणारी परिणामी पॉवर. रेडिओ २७ डीबीएम, तोटा १ डेसिबल, सेक्टर अँटेना १६ डीबीआय, तर उत्तर ४२. त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात मर्यादा ३६ असेल तर तुम्ही ६ डेसिबल वर, म्हणजे परवानगीच्या चौपट. रेडिओ २१ वर आणावा लागेल. बरंच फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) ही कपात स्वतः करतं, फक्त त्याला गेन खरा सांगायला हवा. गेन भरायची चौकट बहुतेक वेळा कारखान्यातून आलेल्या आकड्यावरच राहून जाते, आणि स्क्रीनवर सगळं आलबेल दिसतं.

देशाचा कोड उपकरण जिथे उभं आहे तिथलाच ठेवा. दुसरा देश निवडून चार चॅनल जास्त मिळतात खरी, पण मग उपकरण पॉवरच्या मर्यादा आणि रडार टाळण्याचे नियमही त्याच देशाचे पाळतं, इथले नाही. हा शहाणपणा महागात पडतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनलचा आकडा गुणिले ५, अधिक ५००० केलं की मध्य फ्रिक्वेन्सी मिळते: ३६ म्हणजे ५१८० मेगाहर्ट्झ, १४९ म्हणजे ५७४५. २.४ मध्ये चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर असतात, पण सिग्नल २० रुंद. म्हणून एकमेकांत न मिसळणारी १, ६, ११ वापरतात. ‘मधलं मोकळं’ समजून ३ किंवा ४ घेतलं तर दोन्हीकडून मार बसतो. एकाच चॅनलवरचे रेडिओ एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट आड येणारा सिग्नल मात्र नुसता गोंगाट ठरतो.

खरी फसगत रुंदीत आहे. ३६ वर ८० मेगाहर्ट्झ ठेवलं तर ३६ ते ४८ व्यापतात आणि रडारची भानगड येत नाही. तिथेच १६० केलं की ५२ ते ६४ आत येतात, म्हणजे डीएफएस (रडारही वापरतं ते चॅनल, रडार दिसताच सोडायचे). मग रेडिओ सुरू होताना आधी ६० सेकंद नुसता ऐकत बसतो. काही देशांत हवामान रडारच्या ५६००–५६५० मेगाहर्ट्झ पट्ट्यात १० मिनिटं. रडार सापडलं तर १० सेकंदांत चॅनल सोडायचं आणि ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. ‘लिंक मधूनच पडते, केबल तर नवी आहे’ अशी तक्रार आली की केबलला हात लावण्याआधी लॉगमध्ये रडारची नोंद शोधा.

आता माणसाने अँटेनासमोर ठेवायचं अंतर. आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत २ गिगाहर्ट्झच्या वर सर्वसामान्य लोकांसाठी १० वॅट प्रति चौरस मीटर ही मर्यादा आहे, पूर्ण शरीरासाठी, ३० मिनिटांच्या सरासरीने. ईआयआरपी वॅटमध्ये घेऊन ४π गुणिले अंतराच्या वर्गाने भागायचं, की त्या अंतरावरची तीव्रता मिळते. ३६ डीबीएम म्हणजे ४ वॅट. मर्यादा सुमारे १८ सेंटिमीटरवर गाठली जाते. राउटरच्या माहितीपत्रकातल्या ‘२० सेंटिमीटर दूर ठेवा’चा अर्थ इथे उमगतो. २३ डीबीएमच्या रेडिओला ३० डीबीआयची डिश लावली तर तोटा न धरता ५३ डीबीएम, म्हणजे २०० वॅट, आणि अंतर सव्वा मीटर. मोठ्या डिशच्या अगदी जवळ हे सूत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा देतं, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला. डिशच्या मागे उभं राहून काम करणं वेगळं. तोंडासमोर हात घालायचा असेल तर आधी रेडिओ बंद करा, पीओईची वायर (नेटवर्कसोबत वीजही नेणारी केबल) काढून.

अंतराची पाटी डिशवर चिकटवू नका, ती वाचायला माणूस नेमका डिशपुढे येतो. छतावर येणाऱ्या दारावर लावा.