तणनाशकाचा "शॉक" बसतो तेव्हा पानाच्या आत काय होतं

भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, त्यामुळं आपल्याकडं कोल्हापूर जिल्ह्यात करवीर काय, शिरोळ काय, उसाची लावण झाली की तणनाशक ठरलेलंच. ते मारूच नका असं मी म्हणणार नाही. पण फवारणीनंतर ऊस पिवळा पडला की "शॉक बसलाय, आठ दिवसात सुधारतंय" म्हणून सगळे मोकळे होतात ते मला पटत नाही, कारण त्या आठ दिवसात पान म्हातारं व्हायला लागलेलं असतं.

बघा, पान उन्हातनं ऊर्जा घेतं आणि इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरनं दुसऱ्या टप्प्यावर सरकवत राहतं. अट्राझीन, मेट्रीब्युझीन ही औषधं या साखळीतल्या डी-१ नावाच्या प्रोटीनवर जाऊन बसतात आणि वाट अडवतात. ऊन तर पडतच असतं, ऊर्जा येतच असते, पण तिला पुढं जायला जागा नाही, मग ती ऑक्सिजनवर निघते आणि त्यातनं तयार होणारा तापट ऑक्सिजन पेशींची आवरणं खराब करत सुटतो. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. पॅराक्वाट तर पुढच्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन उचलून थेट ऑक्सिजनला देतं, सुपरऑक्साइड म्हणजे तापट ऑक्सिजनचाच एक प्रकार बनतो, आणि औषध परत मोकळं होऊन पुढचा इलेक्ट्रॉन उचलायला तयार. सरीत मारताना उसाच्या पानावर उडालेला थेंब नीट बघा, कडक ऊन असेल तर काही तासात तिथं पाणी शिरल्यासारखा गडद डाग दिसतो आणि नंतर तेवढीच जागा वाळून तपकिरी होते, शेजारचं पान हिरवंगार. ढगाळ दिवस असेल तर हेच सगळं सावकाश होतं.

ऊस आणि मका अट्राझीनला ग्लुटाथायोन नावाचा पेशीतलाच एक पदार्थ चिकटवून त्याला निकामी करतात, म्हणून तर तण मरतं आणि पीक जगतं. शिवाय सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज अशी एन्झाइम्स पेशीतला हा कचरा साफ करत असतात. पण ही ताकद फुकट येत नाही हो, वाढीला जाणारी शक्ती तिकडं वळते. डोस वाढला, किंवा पीक आधीच पाण्याच्या ताणात असलं, की सफाई कमी पडते.

आणि म्हातारपण म्हणतोय ते उगाच नाही. पान नैसर्गिकरीत्या पिकतं तेव्हाही हरितद्रव्य मोडतं, आवरणं गळकी होतात, हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे तापट ऑक्सिजनच्याच कुळातला पदार्थ, वाढतो. फरक एवढाच की वेळेवर पिकणारं पान जाताजाता आपला नत्र वरच्या कोवळ्या पानाला देऊन जातं, औषधानं पटकन करपलेलं पान तेवढा वेळच देत नाही. टू-फोर-डी हे तणनाशक तर वाढीच्या संप्रेरकाची नक्कल, त्यानं रुंद पानांच्या झाडात इथिलीन वाढतं, आणि इथिलीन म्हणजे पिकवणारंच संप्रेरक! उसात मारलेलं वाऱ्यानं शेजारच्या वांग्यावर गेलं की शेंडा पिळवटतो, देठ खाली वाकतात, नवीन पानं अरुंद येतात.

डोसचं एक सांगतो. काळ्या भारी रानात अट्राझीन मातीला धरून राहतं, मुरमाड हलक्या रानात मुळाला जास्त मिळतं, म्हणून शेजाऱ्यानं मारलं तेवढंच आपल्या रानात मारायचं हे चुकीचं. शिरोळकडच्या चोपण म्हणजे क्षारानं बिघडलेल्या जमिनीत ते टिकतंही जास्त, आणि उसात सोयाबीन आंतरपीक घ्यायचं असेल तर अट्राझीनला हातच लावू नका, सोयाबीनला ते सोसत नाही.

पिवळं दिसलं की लगेच युरियाचं पोतं फोडू नका. आधी पोंग्यातनं येणारं नवं पान बघा. खालची पानं कडेनं पिवळी आणि नवं पान स्वच्छ हिरवं असेल तर झाड औषध पचवतंय, वाफशाप्रमाणं पाणी द्या आणि पुढचं तणनाशक लांबवा. नवं पानच पिवळं किंवा पिळलेलं येत असेल तर फवारणीचा रिकामा डबा आणि ते पान दोन्ही घेऊन कृषी सहायकाला गाठा, डब्यावरचं नाव कळल्याशिवाय तोही काही सांगू शकणार नाही.