बारशाआधीची हाक

आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकांचं दर तिमाहीला एकच फर्मान असतं. "वहीतून, ज्यांची थकबाकी ५००० च्या वर आहे, त्यांची नावं काढ रे."

वही आता डेटाबेसमध्ये आहे. तिथे आकारणी आणि भरणा असे दोनच कॉलम. थकबाकी वजाबाकी करून काढायची. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेत मी सिलेक्टमध्ये, म्हणजे काय दाखवायचं त्या भागात, वजाबाकी केली, तिला 'थकबाकी' नाव दिलं आणि खाली व्हेअरमध्ये, म्हणजे अटीच्या भागात, लिहिलं, थकबाकी ५००० पेक्षा जास्त. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेस-प्रणालीने कानावर हात ठेवले: या नावाचा कॉलम माहीत नाही.

अरे, वरच्याच ओळीत तर ओळख करून दिली!

गोम अशी, की क्वेरी, म्हणजे असा प्रश्न, लिहायचा क्रम वेगळा आणि तिचा अर्थ लावायचा वेगळा. आधी फ्रॉम (कुठून), मग व्हेअर, ग्रुप बाय (गट पाडणं), हॅविंग (गटांवरची अट) आणि त्यानंतर कुठे सिलेक्ट. नाव ठेवलं जातं सिलेक्टमध्ये. म्हणजे बारसं व्हायच्या आधीच मी नावाने हाका मारत होतो. यादीचा क्रम लावणाऱ्या ऑर्डर बायची पाळी सिलेक्टनंतर, म्हणून तिथे ते नाव खुशाल चालतं.

१९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा मांडली तेव्हा तिचं नाव होतं सीक्वेल. त्यातला 'ई' म्हणजे इंग्लिश. इंग्रजीत हुकूम आधी, तपशील मागाहून. आता काकांचं वाक्य पाहा. वहीतून: फ्रॉम. ज्यांची थकबाकी अमुक: व्हेअर. नावं काढ: सिलेक्ट. काका बिचारे मराठीच बोलत होते, पण क्रम अगदी डेटाबेसच्या पोटातला!

एसक्यूलाइट ही दुसरी डेटाबेस-प्रणाली असलं नाव व्हेअरमध्येही चालवून घेतं. मायएसक्यूएल निदान हॅविंगमध्ये ओळखतं, पोस्टग्रेस ही तिसरी प्रणाली तिथेही नाही. व्हेअरमध्ये तीच वजाबाकी पुन्हा लिहिली तर कुठेही चालते, पण मला सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या पोटात क्वेरी, बरी वाटते. आत बारसं उरकायचं, बाहेर हाक मारायची.

यादी छापून नेली. काकांनी चष्मा वर केला. "तिसऱ्या मजल्यावरचे कुठायत? त्यांनी तर वर्षभरात दमडी भरली नाही."

भरलंच नाही, म्हणून भरण्याच्या रकान्यात शून्यसुद्धा नव्हतं, नल, म्हणजे 'नोंदच नाही', होतं. आकारणीतून नल वजा केलं की उरतं नलच, आणि नल ५००० पेक्षा मोठं आहे का, याला डेटाबेस ना हो म्हणतो ना नाही. व्हेअरच्या चाळणीतून फक्त 'हो'वाले पुढे जातात. सगळ्यात मोठा थकबाकीदार असा अलगद सुटला होता.

मी भरण्याभोवती कोअलेस गुंडाळलं, नलच्या जागी शून्य धरलं आणि यादी पुन्हा छापायला घेतली.