मालिकेचा शेवट गोड झाला तरी मी नाराज का असते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शाळेत स्टाफरूममध्ये, भिशीला, एकदा तर सात रस्त्याला रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनीही हेच विचारलं होतं. "सगळं गोड झालं की ओ शेवटी! मग तुमचं तोंड का उतरलंय?"

मी मालिका मनापासून बघते. वेळ जात नाही म्हणून नाही. त्यातल्या माणसांची मला खरंच काळजी वाटते. म्हणूनच शेवटच्या भागात त्यांच्यावर अन्याय झाला की मला दोन दिवस चैन पडत नाही. आणि गोड शेवटात हा अन्याय जास्त होतो.

ही सवय आईची. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या दोन खोल्या होत्या आणि आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. हजार विड्या व्हायच्या तेव्हा कुठे दिवस भरायचा. त्यामुळे टीव्ही समोर असला तरी तिची नजर बोटांवर. मालिका ती बघायची कमी, ऐकायची जास्त. कोणी किंचाळलं, कोणी कोणाच्या कानाखाली वाजवली, तरी दोरा विडीला गुंडाळला जायचाच. हात थांबायचे ते क्वचित. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया' सुरू झाली. नवऱ्याचं दुसरं नातं कळल्यावरही त्यातली नायिका सुधा जोशी न ओरडता बोलायची, तेव्हा आईचे हात थांबायचे. अर्धी वळलेली विडी तशीच बोटांत. मला तेव्हापासून कळतं, खरा प्रसंग कोणता ते.

आता गोड शेवटाचं. एक सासू दोन-दोन वर्षं सुनेच्या वाईटावर असते. कागदांवर खोट्या सह्या, दुधात औषध, पोरांची अदलाबदल. मग शेवटच्या आठवड्यात कोणीतरी दवाखान्यात, काचेपलीकडे मशीन, आणि सासू हात जोडून, "मला माफ कर गं." सून पाया पडते. सगळे एका चौकटीत उभे राहतात आणि संपलं. असा एक शेवट बघताना आई म्हणाली होती, "हिला कधी कळलं एवढं? काल तर विष कालवत होती की." मला यापेक्षा नेमकं बोलता येत नाही. बावीस मिनिटांच्या भागात सासूला एका रात्रीत चांगली केली, की सुनेनं सोसलेली दोन वर्षं पुसली जातात. माफ करायचं की नाही हे ठरवायलासुद्धा तिला एक दिवस मिळत नाही.

लेखकांना मी दोष देत नाही. रोजची मालिका म्हणजे शेवट ठरवून लिहिलेली गोष्ट नव्हे. किती लोकांनी मालिका बघितली याचे, म्हणजे टीआरपीचे, आकडे दर गुरुवारी येतात, त्यावर पुढचं वळण ठरतं. चाललं तर ताणा. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. आकडे पडले की आधी वेळ बदलते, मग थोड्या आठवड्यांत आवरा म्हणून निरोप. इतक्या वर्षांचा गुंता तेवढ्यात सोडवायचा तर माणसं बदलून दाखवण्याशिवाय त्यांच्या हातात राहतं काय? पण ज्याचा संसार रोज रात्री आमच्या घरात मांडला, त्याला निरोप देताना इतकी घाई करू नये, असं मला अगदी तळमळून वाटतं.

म्हणूनच माझ्या हिशेबात पुष्कळ मालिकांचा खरा शेवट मध्येच कुठेतरी होऊन गेलेला असतो. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. त्याच वर्षी ती संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली होती, तेव्हाच आम्ही ओळखलं. पण त्यातल्या अरुंधतीची गोष्ट माझ्यापुरती घटस्फोटाच्या दिवशी पूर्ण झाली. पंचवीस वर्षं ज्या घरात सगळ्यांच्या आधी उठली, त्या घराबाहेरही आपण कोणीतरी आहोत हे तिला कळलं, आणि हळूहळू कळलं. आधी घाबरली, मागे फिरली, पुन्हा निघाली. पुढे आशुतोषशी लग्न, मग त्याचं जाणं, हे सगळं मी बघितलं, रडलेही. तिचा आधीचा नवरा अनिरुद्ध तर कितीदा पस्तावला आणि कितीदा पुन्हा तसाच वागला. ते मला चालतं. माणसं घसरतात. फक्त ती घसरली होती हे गोष्टीनं विसरू नये.

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' मला अजून आवडते ती यासाठीच. २०१२ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी संपली. घना आणि राधा करार करून लग्न करतात आणि प्रेमात पडतात, एवढीच गोष्ट. पण ते प्रेम कुठल्या एका दिवशी झालं हे बोट ठेवून सांगता येत नाही. त्यामुळे शेवटी कोणाला एकदम बदलावंच लागलं नाही.

हे एवढं मनाला लागतं त्याचं कारण आमच्याच घरात आहे. माझ्या आजीनं आईला फार त्रास दिला. जेवणावरून, माहेरावरून, मुलगी झाली यावरून. आजीनं कधी माफी मागितली नाही. मी नववीत असताना आईच्या उजव्या हाताचा अंगठा सुजला होता, कात्री धरवत नव्हती. दुपारी आजी आतल्या खोलीतून आली, भिंतीला टेकून बसली, गोणपाट पुढे ओढलं आणि पत्र्याचं माप ठेवून पानं कापायला लागली. वाकडी कापत होती. छाटणीत, म्हणजे कारखान्यातल्या तपासणीत, विड्या परत आल्या असत्या, आईला ते दिसत होतं. आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं बरी धार असलेली दुसरी कात्री आजीकडे सरकवली.

अंगठा बरा झाला तरी आजी रोज बसत राहिली. त्या दोघी गोडीनं बोलायला लागल्या असं मुळीच नाही. आजी अधूनमधून टोचून बोलायचीच, आणि आईनं जुनं काही विसरल्याचं मला कधी जाणवलं नाही. पण रोजची शे-दोनशे पानं आजीच्या हातची असायची. एवढं जरी कोणी शेवटच्या भागात दाखवलं, तरी मी त्या मालिकेचे सगळे रटाळ महिने माफ करीन.

आईनं विड्या सोडून आता बरीच वर्षं झाली. मालिका सुरू असते तेव्हा तिचे हात मांडीवर नुसतेच असतात, तरी बोटं आपसूक हलतात. मी पडद्याकडे बघता बघता तिच्या बोटांकडे बघते. मागच्या मालिकेच्या शेवटच्या भागात सगळे हसत एका चौकटीत आले, गाणं वाजलं, नावं वर सरकायला लागली. आईची बोटं चालूच होती.