बसरा मेमोरियलला पणजोबांचं नाव शोधायला जाताय? आधी हे वाचा

आमच्या घरात एवढंच सांगत आले की पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) यांच्या वेबसाइटवर त्यांची नोंद मिळाली, शिपाई, 117 मराठाज ही पलटण, नोव्हेंबर 1915, आणि पुढे ‘बसरा मेमोरियल’, म्हणजे पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचं इराकमधलं स्मारक. आता हे वाचून कुणालाही वाटणार की तिथे भिंतीवर नाव कोरलेलं असेल. नाहीये. गोऱ्या सैनिकांची सगळ्यांची नावं आहेत, साध्या सोल्जरचंसुद्धा. आपल्यातले फक्त सुभेदार-जमादार नावाने आहेत आणि त्यांच्या खाली ‘आणि इतर इतके भारतीय सैनिक’ असा आकडा. मला प्रचंड राग आला आणि तो अजून गेलेला नाही. कमिशनच्या समितीने 2021 च्या अहवालात हा भेदभाव मान्य केलाय, पण मी गेलो तेव्हा भिंतीवर आकडाच होता.

म्हणून घरूनच नोंदीची प्रिंट काढून न्या, पॅनल नंबर त्यात असतो. आडनावाने शोधू नका, बऱ्याच नोंदींत फक्त स्वतःचं आणि वडलांचं नाव असतं आणि स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. पलटण आणि गावावरून शोधा. जिल्हे जुने धरा, रायगडवाल्यांनी कुलाबा टाका, सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी. तारीख नीट बघा, कारण घरचे सरसकट ‘बसरा’ म्हणतात. आमचे पणजोबा टेसिफॉनच्या लढाईतले, म्हणजे आजचं सलमान पाक, ते तर बगदादजवळ आहे! इराकमधल्या कूट गावात आपल्या फौजेला तुर्कांनी घातलेला वेढा 7 डिसेंबर 1915 ला सुरू झाला आणि 29 एप्रिल 1916 ला फौजेची शरणागती, त्यानंतरची तारीख असेल तर माणूस तुर्कांच्या कैदेत गेला होता का तेही तपासा.

आता टॅक्सी. हे सगळ्यात वाईट प्रकरण. मेमोरियल बसरा शहरात नाही, 1997 मध्ये सद्दामच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे 32 किलोमीटर लांब वाळवंटात नेलंय. ड्रायव्हरला ‘ब्रिटिश कब्रस्तान’ म्हणालात की तो शहरातल्या वॉर सिमेट्रीत नेऊन सोडतो, तिथे थडग्यांवरचे दगडच नाहीत, जमिनीतल्या खारामुळे झिजायला लागले म्हणून 1935 लाच काढलेत, बाकी नुसतं मैदान. माझ्या ड्रायव्हरला मी मॅपवर पिन दाखवून 50 हजार दिनार जाऊन-येऊन ठरवले होते तरी त्याने आधी तिथेच नेलं, मग ‘ही वेगळी ट्रिप’ म्हणून वर 50 हजार, आणि मेमोरियलपाशी पोचल्यावर थांबायचे अजून 25 हजार मागितले. परतीला दुसरी गाडी मिळत नाही हे त्याला माहीत असतं. नासिरिया रोड, थांबणं, परत येणं, सगळं अरबीत फोनवर लिहून त्याच्याकडून होकार घ्या आणि पैसे परत आल्यावरच द्या. त्या रस्त्याला टपरी नाही, झाड नाही. पाणी स्वतःचं न्या, पासपोर्ट हाताशी ठेवा, चेकपोस्टवर विचारतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका. उन्हाळ्यात तर विचारच नको.

पण जा. 80 मीटर लांब खांबांची ओळ आहे, पांढरा दगड आपल्या भारतातलाच नेलेला, मधे 16 मीटरचा स्तंभ. खांबांमागच्या भिंतीवर काळसर स्लेटच्या पाट्या आहेत. 117 ची पाटी सापडली, अक्षरांत धूळ भरलेली, ती बोटाने काढत काढत शेवटच्या ओळीतल्या आकड्यापर्यंत आलो, त्यात आमचे पणजोबा मोजलेत. मी प्रिंटवरून त्यांचं नाव, वडलांचं नाव, गाव, तालुका सगळं मोठ्याने वाचलं, मग त्याच पलटणीतली आमच्या तालुक्यातली बाकीची नावं पण वाचली. जाताना तुमच्या तालुक्याची यादी नक्की काढून न्या, त्यांच्याकडून तिथे कोण जाणार आहे?

बगदाद आणि कूटही केलं, रस्ता सोपा आहे, काही अडलं नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, 103, 105, 110, 116, 117 या सगळ्या पलटणी 1922 मध्ये त्याच रेजिमेंटमध्ये गेल्या. तिथे जायचं तर आधी पत्र टाका, आणि पत्रात पणजोबांचा सर्व्हिस नंबर लिहा, नुसत्या नावावर काही सापडत नाही.