कोल्हापूर ते नेवार्क : आईला घेऊन केलेला प्रवास

ताईकडं न्यू जर्सीला आईला घेऊन जायचं ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न हाच, किती तास लागतात? मुंबई ते नेवार्क (न्यू जर्सीतलं विमानतळ) हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आणि डायरेक्ट विमानाला सोळा तास, एवढंच मी आईला सांगितलं होतं. पण आपल्या दारातून ताईच्या दारात पोचायला आम्हाला बत्तीस तास लागले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

विमान रात्री दीडचं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो असतो तर सकाळी मुंबईत आणि मग दिवसभर आईला कुठं बसवायचं, म्हणून सकाळी साडेअकराला गाडीनंच निघालो. पावणेचारशे किलोमीटर, एरवी सात-साडेसात तास, पण जुलैचा पाऊस, त्यात खंबाटकी घाटात ट्रकची रांग, पुढं पुण्याच्या बाहेर परत अडकलो, मुंबई विमानतळाच्या सहारच्या टी२ ला (टर्मिनल २) पोचायला रात्रीचे नऊ वाजले. दुपारी तीनला निघा म्हणणारे घरातच होते, त्यांचं ऐकलं असतं तर विमान गेलंच असतं. पावसाळ्यात घाटासाठी तीन तास जादा धराच.

तिकिटावर दीडला सुटून सकाळी आठला पोचणार असं दिसतं, त्यामुळं सोळा तास सांगूनही आईला वाटलं साडेसहा तासांचाच प्रवास. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं, हिवाळ्यात साडेदहा, तेवढे तास मिळवायचे की खरा वेळ निघतो. येताना मात्र चौदा तासच लागले, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचं वारं वाहतं ते विमानाला पाठीमागून ढकलतं. आणि नकाशात अमेरिका सरळ पश्चिमेला दिसते तरी विमान उत्तरेकडून जातं, पृथ्वी गोल असल्यानं तोच जवळचा रस्ता.

आईवडिलांना नेणार असाल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं. टी२ मध्ये चालणं लई आहे आणि नेवार्कला इमिग्रेशनच्या रांगेत तासभर तरी जातोच. सीट मधल्या वाटेच्या कडेची घ्या, दीड-दोन तासांनी उठून चालायला लावा, नुसतं बसून आईच्या पायाला सूज आली होती, मग मी तिला मागच्या बाजूला फेऱ्या मारायला लावल्या. बीपीच्या गोळ्या हँडबॅगेतच, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि वेळ बदलल्यावर कधी घ्यायच्या ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

कांदालसूण चटणी, लोणचं चेक-इन बॅगेत घाला, लोणच्याचं तेल हँडबॅगेत अडवतात. उतरल्यावर कस्टमवाल्यांना खाण्याचं सामान आहे म्हणून सरळ सांगायचं. सुकट किंवा मटणाचं काही नेऊच नका. आमची चटणी बघितली आणि सोडली, ताईनं घरी पोचल्या पोचल्या पहिला तोच डबा उघडला.