मिशिगनचं मीठ, शिरोलीचं बीड आणि माझ्या गाडीचे ब्रेक

गेल्या शनिवारी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क प्लेटा मी घरासमोर जॅक लावून स्वतः बदलल्या. त्याआधीचे दोन आठवडे नुसतं काय घ्यायचं हे ठरवण्यात गेले, आणि त्यात निम्मा वाटा कोल्हापुरात बसलेल्या पप्पांचा आहे, म्हणून म्हटलं घरच्या लोकांसाठी सगळं नीट लिहून काढावं.

इथं मिशिगनमध्ये नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात, टनांनी टाकतात, आणि ते गाडीच्या पोटाखाली जाऊन बसतं. आपल्याकडं रंकाळ्याच्या कडेला चार दिवस पावसात गाडी उभी राहिली की प्लेटवर तांबूस थर येतो, तो पहिल्या दोन-चार ब्रेकला निघून जातो, त्याची काळजी करायचं कारण नाही. इथला गंज तसा नाही. तो प्लेटच्या काठाला आणि मधल्या हवेच्या फटीत पापुद्रे धरतो, पॅड प्लेटवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम करतो, मग एक पॅड झिजून जातो आणि दुसरा अर्धा शिल्लक. माझ्या गाडीचं तेच झालेलं. आतला पॅड 2 मिलिमीटरवर आला होता, नवा साधारण 10 ते 12 चा असतो आणि 3 च्या खाली गेला की बदलायचाच. इथल्या एका गॅरेजनं पुढच्या दोन चाकांचे सामान-मजुरीसकट 500 डॉलरच्या वर सांगितले, कुठल्या कंपनीचं सामान घालणार विचारलं तर धड उत्तर नाही, तेव्हाच ठरवलं की आपणच करायचं.

मग ऑनलाइन बघायला बसले तर प्लेटांचे किती प्रकार, साध्या, चरे पाडलेल्या, भोकं पाडलेल्या, दिसायला भोकंवाल्या लई भारी. पप्पांना लिंक पाठवली. पप्पांनी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत जन्म काढला, रिटायर होऊन सहा वर्षं झाली पण लोखंडाचा विषय निघाला की आवाज बदलतो. इथं सकाळचे आठ म्हणजे तिकडं संध्याकाळचे साडेपाच, चहा पुढ्यात घेऊनच त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "अगं बाळा, भोकं काय बघायलीस, बीड बघ. वजन किती लिहिलंय दोन्हीचं?"

तोवर मला हे डोक्यातच आलं नव्हतं की ब्रेकची प्लेट म्हणजे शेवटी बीडच, म्हणजे ओतीव लोखंड, तेच राखाडी बीड जे आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांत रोज ओततात. त्यात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात, त्या उष्णता पटकन पसरवतात आणि थरथर गिळतात, म्हणून पोलादाचा तुकडा टणकन वाजतो आणि बीड बद्द वाजतं. ब्रेक दाबला की गाडीचा सगळा वेग उष्णता होऊन त्या प्लेटमध्ये शिरतो, मग जितकं बीड जास्त तितकी ती प्लेट कमी तापणार, एवढा साधा हिशोब आहे. भोकं पाडली म्हणजे बीड कमी केलं, वर जास्त तापलं की त्या भोकांच्या कडेपासूनच तडे सुरू होतात. स्वस्त प्लेटा बघितल्या तर त्याच गाडीच्या, त्याच मापाच्या, पण जवळजवळ किलोभर हलक्या, आतल्या पात्या पातळ केलेल्या. शेवटी साधी, जड, जास्त कार्बनवाली प्लेट घेतली, जिच्या मधल्या भागाला आणि काठाला गंज न धरणारा लेप आहे. मिठाच्या मुलखात त्या लेपाचे वरचे पैसे द्यायलाच पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅडला त्या मानानं कमी वेळ लागला. ऑरगॅनिक मऊ आणि शांत, पण लवकर झिजतात. सेमी-मेटॅलिक तापल्यावरही चांगले धरतात, पण आवाज करतात, काळी धूळ उडवतात आणि प्लेटही जास्त खातात. सिरॅमिक शांत, धूळ कमी, रोजच्या ऑफिसच्या येण्याजाण्याला बरोबर, मी तेच घेतले. पॅडवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात ती बघा, पहिलं थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणाचा आकडा 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्या वर. माझ्या जुन्या पॅडवर एफएफ होतं, नवेही तेच बघून घेतले.

बसवताना एकच गोष्ट जीव लावून केली, चाकाच्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत काढला, कारण तिथं गंजाचा खडा राहिला की नवी प्लेट तिरकी बसते आणि काही महिन्यांत ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरायला लागतं, मग लोक म्हणतात प्लेट वाकली. नव्या प्लेटला तेल लावलेलं असतं ते ब्रेक क्लीनरनं पुसलं, पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं. मग रिकाम्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये वेळ सोडत आठ-दहा वेळा ब्रेक मारले, म्हणजे पॅडचा थर प्लेटवर एकसारखा बसतो. ही पायरी कुणी चुकवू नका.

आता आपल्याकडचं. मागच्या नोव्हेंबरात घरी आले होते तेव्हा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलो, पप्पांची गाडी, चालवणारा चुलत भाऊ, आणि निम्मा घाट उतरेस्तोवर जळल्याचा वास यायला लागला कारण तो चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होता. मी गाडी बाजूला घ्यायला लावली, वीस मिनिटं थांबलो, मग दुसऱ्या गिअरमध्ये खाली गेलो. असं सारखं तापलं तर पॅड कितीही भारी असू दे, पकड जाते, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल तळाला जातं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओलं झालं की 155 पर्यंत येऊ शकतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. आणि ऊसाच्या सीझनला रात्री पुढं बिनलाइटची ट्रॉली अचानक दिसते, तेव्हा त्या पेडलवरच सगळं असतं हो.

मिस्त्री नुसते पॅड बदलून देत असेल तर त्याला प्लेटची जाडी मोजायला सांगा, कमीत कमी किती पाहिजे ते प्लेटवरच कोरलेलं असतं. मी पप्पांच्या मागं लागले होते. काल ते उद्यमनगरात गाडी घेऊन गेले, जुना मायक्रोमीटर घरून खिशात घालून नेला, स्वतः मोजलं आणि मला फोटो पाठवला. कोरलेल्या आकड्यापेक्षा जेमतेम पाव मिलिमीटर जास्त. खाली लिहिलंय, "सोमवारी दोन्ही नव्या टाकतोय. वजन करून घेतो."