रत्नागिरीहून वसईला, नाटक बघायला

आमच्या कॉलेजात ख्रिस्ती मुलामुलींची छोटीशी संगती आहे. आठवड्यातून एकदा जमायचं, टिळकांची एकदोन भजनं म्हणायची, शास्त्रपाठ, प्रार्थना, मग चहा. (नारायण वामन टिळक आपल्याच जिल्ह्यातले, दापोलीकडच्या करजगावचे, हे नव्या मुलांना सांगताना आमची कॉलर ताठ.) यंदा उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) टूम निघाली, की वसईला जाऊन ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक बघायचं. तिथल्या एका धर्मग्रामातली (म्हणजे एका चर्चच्या परिसरातली) हौशी मंडळी चर्चच्या पटांगणात ते करतात. आमच्यातल्या एकीची मावशी त्याच गावातली, त्यामुळे मुक्कामाची सोय झाली: मुली सिस्टरांकडे, मुलगे हॉलमध्ये सतरंजीवर.

गाडीचं आधी बघितलं. शिमग्याची तिथी पौर्णिमेवर, ईस्टरचीही पौर्णिमेवरच, म्हणून बहुतेक वर्षी शिमगा उपवासकाळातच पडतो आणि तेव्हा कोकण रेल्वेत चाकरमान्यांपुढे कुणाचा निभाव लागत नाही. जाताना सकाळची रत्नागिरी-दिवा पॅसेंजर धरायची आणि दिव्याहून वसई रोडची मेमू, असं ठरलं. परतीला मात्र गुजरातकडून येणारी, वसई रोडवरून पनवेलमार्गे कोकणात उतरणारी गाडी. तिचं आरक्षण 60 दिवस आधी उघडलं, त्याच सकाळी उरकलं. तोवर कोण येणार हे नक्की नसलं तरी चालतं, असं वाटत असेल तर विसरा. तिकिटावर नाव आणि वय लागतं.

आणि नावांचंच खरं घोडं अडलेलं. संगतीबाहेरच्या काही मित्रमैत्रिणींनाही यायचं होतं. त्यातला एक गावच्या नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, संकासुराचं सोंग करतो; आम्ही त्याला संकासुरच म्हणतो. नाटक म्हटलं की हा निघालाच. होस्टेलला पालकांच्या सहीचं पत्र हवं होतं. आमच्यातल्याच एकाने सुचवलं, ‘सांस्कृतिक सहल’ लिहून मोकळे होऊ या, कोण विचारतंय? मला ते अजिबात पटलं नाही. उद्या कुणी विचारलंच, तर लपवाछपवी केली असा अर्थ निघणार, आणि आजकाल तो निघायला वेळ लागत नाही. म्हणून पत्रात सरळ लिहिलं: येशू ख्रिस्ताचं दुःखसहन आणि मरण यावरचं नाटक, चर्चच्या आवारात, मुक्काम कुठे, सोबत कोणते सर आणि मॅडम, परत कधी. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली उपासना) आहे, पण तिला बसणं ऐच्छिक, हेही लिहिलं.

संकासुराच्या वडिलांचा फोन आला. ‘‘धर्माबिर्माचं काय नाय ना त्यात?’’

‘‘आहे काका, धर्माचंच आहे. आमच्या देवाच्या शेवटच्या दिवसांचं नाटक. बघायचं आणि परत यायचं.’’

थोडा वेळ तिकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, ‘‘जेवणाचं काय?’’ सही आली. सगळ्यांची मात्र नाही आली. दोघीजणींना घरून नाहीच सोडलं, आणि आम्हीही ताणलं नाही.

निघण्याआधीच्या बैठकीत बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचे (येशूच्या चरित्राचे) 14 आणि 15 हे अध्याय मोठ्याने वाचले. कुणाला असं न्यायचं असेल, तर हे जरूर करा. पेत्र कोण, पिलात कोण, बरब्बाला का सोडलं, हे प्रयोग चालू असताना कानात कुजबुजत बसावं लागत नाही.

प्रवासाचं विशेष नाही. घाम, वडापाव, दिव्याला जिन्यावर पळापळ.

पटांगणात पुढच्या रांगेत लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या खुर्च्या धरून बसलेल्या, मागे मुलाबाळांचा कल्ला. मावशीने हातावर सुकेळी ठेवली. नाटकाचं नेपथ्य बेताचंच, प्लायवूडचे खांब. पण पिलात, येशूला मरणाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार, भारी होता. हात धुण्याच्या प्रसंगात सेवकाने पितळी भांड्यातून पाणी ओतलं आणि माईक जवळ असल्याने त्या धारेचा आवाज सगळ्या कर्ण्यांतून घुमला. पिलात बोटं एकेक करून पुसत राहिला, गर्दी ओरडत असताना, घाई न करता. संकासुर माझ्या शेजारी पुढे सरकून बसला. ‘‘याला कळतंय रे,’’ एवढंच म्हणाला.

येशूला धरून देणारा शिष्य यहूदा मात्र त्याला पटला नाही. आल्यापासून वाकडा चालतो, डोळे फिरवतो. असा दिसला तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? रात्री हॉलमध्ये त्याने तो चालून दाखवला, साधा, सगळ्यांच्यातलाच एक म्हणून. मला त्याचाच जास्त आवडला.

परतीच्या गाडीत वाद पेटला तो वेगळाच. वेरोनिका येशूचा चेहरा पुसते, हा प्रसंग आमच्यातल्या प्रोटेस्टंटांना नवा. ‘‘बायबलात कुठे आहे?’’ नाहीच तो चारही शुभवर्तमानांत. कॅथलिकांच्या ‘क्रुसाची वाट’ या प्रार्थनेत येशूच्या शेवटच्या वाटेवरची चौदा स्थानं असतात, त्यातलं सहावं. एकाचं म्हणणं, वचनात नाही तर दाखवायचं कशाला. मावशीची भाची उसळली, म्हणाली, गर्दीत एका तरी बाईने पदर पुढे केला नसेल का? पनवेल गेलं, रोहा गेलं, वरच्या बर्थवरचे आजोबा ‘‘दिवा घालवा आता’’ म्हणून ओरडले, तरी यांचं चालूच. शेवटी सरांनी पुढच्या बैठकीचा विषय तोच लावून टाकला, आणि संकासुराने विचारलं, त्याला आलं तर चालेल का.